मामाच्या गाडीचं भाडं

मोरा, २७ फेब्रुवारी २०२५

रमा,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. घरोघरी फोन असताना दादा कागद काळे करत बसलाय म्हणून हसशील. पण लाँचच्या इंजिनाजवळ एकतीस वर्षं बसून माझ्या कानांचं काय झालंय ते तू जाणतेस. फोनवर तू बोलतेस, मी 'हां हां' करतो आणि नंतर दमयंतीला विचारतो, ती काय म्हणाली. परवा तू रडत होतीस म्हणे, आणि मी तुला सांगत होतो की बोंबील स्वस्त झालेत. म्हणून हे पत्र. भामा रोज मासळी घेऊन पनवेलच्या बाजारात येतेच. तीच पत्र आणील आणि तुझं उत्तर घेऊन जाईल.

प्रितेशच्या डाव्या पायात सळई घातली आहे. काठी घेऊन चालायला तीन महिने लागतील, असं डॉक्टर म्हणतात. तू मनाला लावून घेऊ नकोस. रोशनीच्या लग्नाहून परतताना झालं, म्हणून त्यात लग्नाचा काय दोष? उरण रोडला पुढे एक ट्रेलर उभा होता, मागून दुसऱ्याने येऊन ढकललं. आम्ही दोघं वऱ्हाडाच्या बसमध्ये होतो आणि प्रितेश गाडीत एकटा होता. तो जिवंत आहे ही एकवीरा आईची कृपा, याहून जास्त मी मागत नाही.

गाडी मात्र गेली. विम्याचा सर्व्हेयर बघून गेला. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीवरच्या किमतीच्या पाऊणपट झाला, की गाडी दुरुस्त करत नाहीत. ती पूर्ण गेली असं धरतात आणि पॉलिसीवर लिहिलेली किंमत मालकाला देतात. आपल्या पॉलिसीवर पाच लाख ऐंशी हजार आहेत. होडीतला माझा वाटा विकून मी ती गाडी घेतली होती. प्रितेशला तळोज्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला पोचायचं तर इथून वेळेवर बस नाही. दयारामने होडीला चाकं लावली, असं गावात चिडवायचे मला. तेव्हा हे पैसे आले तर पोराची नोकरी टिकेल, नाहीतर होडीही गेली आणि गाडीही.

काल कंपनीचा तपासनीस आला होता. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला, तेव्हा मी त्याला वही दिली. तो प्रश्न लिही, मी खाली उत्तर लिही, शाळेची परीक्षा चालल्यासारखं. एक प्रश्न होता, 'लग्नासाठी गाडी दिली त्याबद्दल काही मिळाले का?' मी लिहिलं, 'होय, मानाप्रमाणे मिळाले. नारळ, टॉवेल-टोपी आणि पाकिटात पाचशे एक.' वाचून त्याचा चेहरा खुलला. दमयंतीने पुढे ठेवलेले तळलेले बोंबील बघून खुलला असेल. जाताना ते पान मागून घेऊन गेला.

तो तुझ्याकडेही येणार आहे. त्याला जे आहे ते सांग. नवरीला मामाच मांडवात आणतो आणि आपल्याकडे मामाच्याच गाडीने आणतो, एवढं सांगितलंस तरी पुरे.

दयाराम

*

खांदा कॉलनी, ९ मार्च २०२५

दादा, वहिनी,

दोघांना नमस्कार. तुझ्या पत्राला भामाच्या पाटीचा इतका वास होता, की कुमारने विचारलं, "मामाने पत्र पाठवलंय की सुकट?" पण खूप बरं वाटलं. आई गेल्यापासून मला कोणी पत्र लिहिलं नव्हतं.

प्रितेशसाठी मी संकष्टी धरली आहे. त्याला म्हणावं, आत्या येईल आणि तुला खेकड्याचा रस्सा पाजेल, मग पाय आपोआप पळेल.

रोशनी तळोज्याला रुळते आहे. तुला सांगते दादा, माणसं वाईट नाहीत, पण तिचे सासरे विनायकराव फार हिशोबी. घरात अगरबत्तीचा पुडा आला तरी वहीत लिहितात. लग्नाचा सगळा खर्च अर्धा-अर्धा ठरला होता, तर त्यांनी मंडपाच्या खिळ्यांपर्यंत विचारलं. अशा घरात नव्या सुनेला जपून राहावं लागतं. तिच्या माहेरचा कोणी जरा चुकला, तर बोलणी तिला खावी लागतील.

तो तपासनीस येऊन गेला. चहा घेतला, बसला, गेला. काय विचारायचं ते त्याने विचारलं. असल्या लोकांना आपण काहीही सांगा, ते आधी ठरवून आलेलं असतं तेच लिहून नेतात. तू कशाला त्या वहीत पाचशे एकाचं लिहायला गेलास? तू पहिल्यापासून भोळा सांब. लहानपणी आईने विचारायच्या आधी, गूळ मी खाल्ला म्हणून सांगून मोकळा व्हायचास आणि मार खायचास. गूळ कधीकधी मी खाल्लेला असायचा.

आणि एक, या गाडीच्या प्रकरणात कुमारला फोन करायला प्रितेशला सांगू नकोस. मार्चअखेर आहे, ऑफिसात त्याला जेवायला वेळ नाही. हे गेल्यापासून घर तोच ओढतोय.

रमा

*

मोरा, ४ एप्रिल २०२५

रमा,

कंपनीचं पत्र आलं. प्रितेशने वाचून मला लिहून दाखवलं आणि मग मी स्वतः चार वेळा वाचलं. म्हणतात, तुमची पॉलिसी खासगी गाडीची आहे. खासगी गाडी भाड्याने द्यायची नसते. तुम्ही ती अपघाताच्या दिवशी लग्नासाठी मोबदला घेऊन दिली होती, तेव्हा नियम मोडला आणि म्हणून पैसे नाहीत. पुरावा म्हणून खाली लिहिलंय, 'मालकाचा स्वहस्ताक्षरातील जबाब व इतर कागदपत्रे.'

स्वहस्ताक्षर म्हणजे माझं अक्षर. मानाच्या पाकिटाला त्यांनी भाडं केलं. दमयंती तीन दिवस सगळ्या आळीला विचारते आहे, "आमी भाचीचं भाडं घेतलं? असं कोनी घेतं काय?" मी तिला काय सांगू? लिहून दिलं ते मीच. चांगलं अक्षर आहे म्हणून मिरवत लिहून दिलं. इतकी वर्षं लाँचच्या वहीत किती डिझेल, किती फेऱ्या, सगळं खरं लिहिलं, तीच खोड नडली. जेवताना घास उचलतो आणि ते पान डोळ्यांसमोर येतं.

पुढे आणखी आहे. कंपनी म्हणते, नियम मोडला असला तरी पॉलिसीच्या रकमेच्या पाऊणपट देऊन आम्ही प्रकरण मिटवू. मात्र तुम्ही लिहून सही करायची, की 'लग्नासाठी मी माझी गाडी भाड्याने दिली होती.' एवढं एक वाक्य. ते लिहिलं की चार लाख पस्तीस हजार मिळतील.

प्रितेशला कारखान्याने गेटवरच्या नोंदणीचं बसून करायचं काम देऊ केलं आहे. दोन जूनला हजर व्हायचं. काठी घेऊन दोन बस त्याला बदलता येणार नाहीत. क्लच नसलेली गाडी घेतली तर डाव्या पायाला काम नाही, डॉक्टरही हो म्हणाले. ते सगळं या पैशावर अडलं आहे.

पण रमा, ते वाक्य माझ्या हातून उतरेना. बापाच्या जागी उभा राहून रोशनीला मी मांडवात आणलं. तिचं भाडं घेतलं, असं कागदावर कसं लिहू? तुला काय वाटतं ते कळव. माझं डोकं चालत नाही.

दयाराम

*

खांदा कॉलनी, १० एप्रिल २०२५

दादा,

पत्र वाचून जीव कासावीस झाला. तू स्वतःला इतका दोष देऊ नकोस. चूक झाली ती चांगुलपणाने झाली. तुझ्या जागी दुसरा कोणी असता तरी त्याने तेच लिहिलं असतं.

पण आता मी सांगते ते ऐक. सही करून टाक. कागद कागदाच्या जागी आणि नातं नात्याच्या जागी. तू भाडं घेतलं नाहीस हे मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे, देवाला ठाऊक आहे. कंपनीच्या फायलीत काय लिहिलंय ते बघायला आपल्या जातीतलं कोण जाणार आहे? तुटेल तेवढं ताणू नये. पूर्ण मिळवण्याच्या नादात पाऊण हातचं जाईल. प्रितेशच्या नोकरीकडे बघ.

आणि वकिलाच्या, तक्रारीच्या भानगडीत पडू नकोस. ते लोक मग घरोघर चौकशी करत फिरतात. तळोज्यापर्यंत जातील, विनायकरावांच्या दारात उभे राहतील. पोरीचे नव्याचे नऊ दिवससुद्धा झाले नाहीत, तिच्या घराला कशाला त्रास? माझ्यासाठी एवढं कर. तुझ्याकडे मी आजवर काही मागितलं नाही.

वहिनीला म्हणावं, लोणच्याची कैरी पाठवते भामाबरोबर.

रमा

*

मोरा, २९ एप्रिल २०२५

रमा,

कैरी पोचली. दमयंतीने ती अजून चिरली नाही आणि आता चिरणार नाही.

तुझं ऐकून मी सही करणार होतो. पेन हातात घेतलं होतं. प्रितेश म्हणाला, "बाबा, सहीच करायची हाय तर 'इतर कागदपत्रे' म्हंजे काय ते तरी बघू." त्याने कंपनीकडे फायलीची नक्कल मागितली. ती काल आली. सगळी मिळून बावीस पानं आहेत.

अकराव्या पानावर एक पावती आहे. 'चि. सौ. कां. रोशनीच्या विवाहासाठी गाडीभाडे रुपये सहा हजार रोख मिळाले.' खाली माझं नाव आणि माझी सही. सही माझी नाही. वरचं अक्षर मात्र ओळखीचं आहे. रोशनीच्या लग्नाच्या पत्रिकेवर माझा पत्ता त्याच अक्षरात होता, पत्रिका अजून देव्हाऱ्यामागे आहे. मी ती काढून शेजारी ठेवून बघितली. 'मोरा'मधला 'र' कुमार जसा खाली ओढतो, तसाच 'रुपये'मधला ओढलेला आहे.

बाराव्या पानावर तुझा जबाब आहे. 'माझे बंधू दयाराम यांची गाडी आम्ही लग्नासाठी भाड्याने घेतली होती. पावती खरी आहे.' सही रमा. तारीख ३ मार्च.

३ मार्च, रमा. तू मला गुळाची गोष्ट लिहिलीस ती ९ तारखेला. म्हणजे सही करून सहा दिवस झाले होते. आणि माझी जेवणावरची वासना गेली असं मी तुला कळवलं, तेव्हाही तू लिहिलंस की चूक चांगुलपणाने झाली, स्वतःला दोष देऊ नकोस. माझी चूक नव्हतीच. मी लिहिलेलं पान फायलीत विसावं आहे. प्रितेशने कंपनीतल्या बाईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, नारळ आणि पाचशे एकावर कोणी दावा नाकारत नाही, पावती आणि बहिणीचा जबाब होता म्हणून नाकारला. महिनाभर मी स्वतःला कोसत होतो आणि तू वाचत होतीस.

हे का केलं ते तू सांगशील तेव्हा कळेल. आधी काम. तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करायची मुदत आहे. तू नोटरीसमोर एवढंच लिहून द्यायचं, की पावती खोटी आहे आणि गाडी मामाने दिली होती. एवढं पुरेल, पूर्ण रक्कम मिळेल, असं ती बाई म्हणाली. मी तुला खोटं बोलायला सांगत नाही.

दयाराम

*

खांदा कॉलनी, ६ मे २०२५

दादा,

काय लिहू? आठवडाभर कागद घेऊन बसते आणि उठते. भामा दोनदा रिकामी परत गेली.

खर्च अर्धा-अर्धा ठरला होता ते मी लिहिलंच होतं. गाड्यांचाही अर्धा. कुमार म्हणाला, बाकीच्या गाड्यांना सहा-सहा हजार द्यावे लागतात, मामाची गाडी फुकट म्हणून व्याह्यांचे पैसे का वाचवायचे? तीही यादीत धरू. विनायकरावांनी प्रत्येक गाडीची पावती मागितली, म्हणून त्याने तुझ्या नावाची केली. त्यांच्याकडून तीन हजार आले. मला हळदीच्या दिवशी कळलं. मी रागावले, पण घरात पाहुणे होते. म्हटलं, तीन हजारांचं काय, कुठेतरी खर्च झाले असतील.

मग अपघात झाला. तपासनीस माझ्याकडे यायच्या आधी विनायकरावांकडे जाऊन आला होता. त्यांनी वही आणि पावती काढून दिली, त्यांना काय माहीत. तो माझ्यासमोर पावती ठेवून म्हणाला, ही खरी की खोटी? दादा, खोटी म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी तळोज्याला कळलं असतं, की नवरीच्या भावाने व्याह्यांना फसवून पैसे घेतले. रोशनीला तिथे जाऊन तीन आठवडे झाले होते. मी सही केली. वाटलं होतं, कंपनीचेच पैसे आहेत, थोडे कमी देतील. एवढं होईल असं वाटलं नव्हतं.

तुला सांगायचं धाडस झालं नाही. तू स्वतःलाच दोष देतोस हे वाचून मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटायचं.

नोटरीचं मला जमणार नाही. पोरीच्या संसारावर मी माझ्या हाताने पाणी सोडू शकत नाही. तू आई असतास तर तुला कळलं असतं. तू पाऊण घे. उरलेलं पाव मी भरून देते. माझ्या पाटल्या आहेत, त्या मोडीन.

रमा

*

मोरा, ८ मे २०२५

रमा,

पाटल्या मोडू नकोस. त्या आईच्या आहेत.

मी सही करणार नाही. मामाने भाचीच्या लग्नात भाडं घेतलं, हे मी लिहून देणार नाही, चार लाखांसाठी नाही आणि चाळीस लाखांसाठीही नाही. आणि कुमारच्या नावाने तक्रारही करणार नाही, कारण रोशनीच्या घरात माझ्या कागदाने आग लागलेली मला चालणार नाही. म्हणजे मला काहीच मिळणार नाही. हे तुला पत्र लिहितानाच ठाऊक होतं. दयाराम काय करील आणि काय करणार नाही, याचा हिशोब तू विनायकरावांपेक्षा चोख मांडलास.

भामाला उत्तरासाठी थांबवू नकोस.

दयाराम

*

खांदा कॉलनी, १५ जून २०२५

दादा,

थांबवू नकोस म्हणालास, तरी मी आज भामाचे हात धरून पत्र देते आहे. वाचशील की नाही ठाऊक नाही.

गेल्या आठवड्यात रोशनी पनवेलच्या बाजारात आली होती. भामाकडून पापलेट घेताना तिने विचारलं, लग्नानंतर मामा एकदाही घरी का आला नाही, माझ्यावर रागावलाय का? भामाने पापलेट बाजूला ठेवलं. म्हणाली, "मना वाचाया येत नाय, पोरी, पन तीन महिने मी तुझ्या आयची न् मामाची कागदं वाहतंय. मामी आळीभर रडत फिरते, त्यानं मना ठावं झालं. तुझ्या लग्नान मामानं भाडं घेतलं म्हून कागद झालाय. पैसं गेलं, प्रितेशची नोकरी पन गेली." सगळा बाजार ऐकत होता म्हणे.

रोशनी तिथून माझ्याकडे आली. आधी मी नाही म्हणत राहिले, पण ती हलेना, तेव्हा पावतीचं आणि सहीचं सगळं सांगून टाकलं. मग उठली, तळोज्याला गेली आणि सासऱ्यांपुढे उभी राहून स्वतःच सगळं बोलली. माझ्या भावाने खोटी पावती केली, आईने ती खरी म्हणून सही केली, माझ्या मामाने एक पैसा घेतला नाही. मला वाटलं, आता पोर पिशवी घेऊन माघारी येते. मी रात्रभर दाराकडे डोळे लावून होते.

दुसऱ्या दिवशी विनायकरावच आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "तीन हजार मागितले असते तर मी असेच दिले असते. सुनेनं खरं बोलून दाखवलं, आम्हाला याहून काय पाहिजे?" कुमारला समोर बसवून त्याच्याकडून लिहून घेतलं. स्वतःचा जबाब आणि आपल्या वहीचं पान जोडलं, आणि कुमारला घेऊन नोटरीकडे गेले. त्याच दिवशी कागद कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे गेले. माझ्याकडे सहीचा विषय त्यांनी काढलाच नाही.

रोशनीला घरात कोणी काही बोललं नाही. उलट सासू तिला जास्तच मानते आहे. मी इतके दिवस भ्याले, ते कशाला भ्याले? रोशनी मात्र माझा फोन उचलत नाही.

आता तुला पूर्ण रक्कम मिळेल असं विनायकराव म्हणतात. शेवटी झालं ना सगळं चांगलं? देवाने तारलं. दादा, एक ओळ लिही. मी काय मुद्दाम तुझं वाईट केलं का? मला दोन्हीकडून ओढ होती.

रमा

*

मोरा, ५ जुलै २०२५

रमा,

पैसे जमा झाले. पाच लाख ऐंशी हजार, त्यातून नियमाप्रमाणे कापायची हजाराची रक्कम वजा. गाडीचं पुस्तक आरटीओत जमा केलं, चाव्या आणि सांगाडा कंपनीच्या ताब्यात दिला. पाऊण नाही, पूर्ण मिळाले आणि कुठलंही वाक्य लिहून न देता मिळाले. रोशनी आणि विनायकराव रविवारी येऊन गेले. कुमार आला होता. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला, तेव्हा दमयंतीने त्याला आत बोलावून जेवायला वाढलं. त्याने पाया पडून माफी मागितली, मी दिली. पोरांचा लोभ पोरांएवढाच असतो.

प्रितेशचं गेटवरचं काम दोन जूनला दुसऱ्याला गेलं. आता तो उरणमध्ये एका कंटेनर यार्डात रोजावर जातो. जूनच्या आधी कागद झाले असते तर, असं तो एकदाही म्हणाला नाही. मी म्हणतो, मनात.

तू विचारलंस, मुद्दाम वाईट केलं का? नाही. पण तू रोशनीचं नाव पुढे केलंस आणि झाकलंस कुमारला. त्याच्याशिवाय घर चालत नाही ही तुझी भीती मी समजू शकतो. मला सांगितली असतीस तर मी ती वाहिली असती. लहानपणी गुळासाठी मार खायचो तो मला माहीत नव्हतं म्हणून नव्हे. गूळ तू खाल्लास हे मला तेव्हाही माहीत असायचं. या वेळी तू मला तेवढंही कळू दिलं नाहीस. आणि मी माझ्याच हातांना शिव्या देत असताना तू वर लिहीत राहिलीस, भोळा सांब.

तपासनिसावर मला राग नाही. त्याने परक्या माणसाबद्दल लिहिलं, की भाचीच्या लग्नात याने भाडं घेतलं. त्याने मला तासभर पाहिलं होतं. तू मला साठ वर्षं पाहिलं आहेस, आणि त्याच्या खाली 'खरं आहे' असं लिहून सही केलीस.

दयाराम